सात नंबर

रात्री साडेनऊला बल्ब घालवला.
सातपूरची रात्र तशी पुरती काळी होत नाही,
कंपनीच्या शेडचा पिवळट उजेड आत येतोच.
मितालीने खिडकीवर चादर धरली
आणि मी खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घातला.

ती फुगली, गुरगुरली, मनगटावर टोच मारली.
पेठची आहे. यमुना भोयेनं देतानाच सांगितलं होतं,
रवणीला बसते चांगली, तोंडाची मात्र वाईट.

आज सातवा दिवस.
पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक, मागे मोबाईलची बॅटरी,
भोकावर अंड्याचं जाड बूड.
मी अंबडला इन्स्पेक्शनला आहे, अकरा वर्षं.
बेअरिंगच्या रिंगा दिव्याखाली फिरवते,
केसाएवढा चरा दिसला की लाल खोका.
माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे.
सुपरवायझरचाही.

एक नंबर : तांबूस उजेड, वर हवेची पोकळी,
मधे काळा ठिपका आणि त्यातून फुटलेल्या शिरा,
उन्हात धरलेलं द्राक्षाचं पान मागून दिसतं तशा.
ठिपका हलला.
मिताली चादर सोडून धावत आली,
मी ओरडले, ती परत गेली.

दोन, तीन, ओके.
चार तर सगळ्यांत छान.
पाच, सहा.
सात : काही नाही. नुसतं पिवळं.
सामान हलवलेल्या खोलीत दिवा लावावा तसं.
आठ, नऊ, ओके.

"सात गंदं आहे. काढू या, फुटलं तर बाकीची नासवेल."
मिताली गप्प. मग म्हणाली, "ठेव ना."
कंपनीत 'ठेव ना' नावाचा खोका नसतो.
'होल्ड' असतो, पिवळ्या चिठ्ठीचा,
पण त्यावर तारीख लागते, सही लागते.
कोंबडी तोवर इतकी चिडली होती
की सगळीच परत सारली.

यमुना नळावर भेटली, हसली.
"कशाला उजेड दाखवते गं सारखा?
नको ते ती लोटून देईल की."

चौदाव्या दिवशी शिफ्टहून आले
तर एक अंडं पाटीबाहेर, गार.
सातच असणार, म्हणून उचललं.
चार होतं.
पुठ्ठ्यावर धरलं :
शिरांच्या जागी एक तांबडं कडं, बाकी शांत.
मी पास केलेलं.

मग सात काढलं.
आत गच्च अंधार भरत आलेला
आणि त्या अंधाराने एक लाथ मारली.

तेव्हा कुठे मी आकड्याकडे बघितलं.
माझा सात आखूड असतो.
ह्याचं शेपूट लांब, पार अंड्याच्या कमरेपर्यंत.

"माझ्या हातून फुटलं होतं," मिताली म्हणाली,
"पहिलं सात. तू रात्रपाळीला होतीस.
तीन दिवसांनी यमुनामावशीकडून दुसरं आणलं,
नंबर घातला."
मी पिशवी तशीच खांद्याला लावून
बराच वेळ उभी होते.

एकविसाव्याला सहा पिल्लं.
आठ नंबरने टोच मारून भोक पाडलं, आणि थांबलं.
बाविसाव्याला संध्याकाळी कोंबडी उठली,
सहाजणांना घेऊन गल्लीत गेली,
मागे वळून बघितलंसुद्धा नाही.
तिचा हिशोब पुरा झाला होता.
सातला अजून दोन दिवस हवे होते.

बुटांचा खोका, चाळीसचा बल्ब,
वाटीत ओलं फडकं. मी रजा टाकली.
आता बॅटरी लावत नाही. अंडं नुसतं कानाशी धरते.
कधी नखाने पुठ्ठा खरवडल्यासारखं काही,
कधी माझंच रक्त.

पहाटे बघितलं तर खोक्यावर
माझ्या पिशवीतली पिवळी चिठ्ठी चिकटवलेली.
होल्ड. खाली मितालीची सही.
दिनांक २७,
आणि त्या सातचं शेपूट
चिठ्ठीबाहेर, खोक्यावर गेलेलं.