शुद्धिपत्र

('पुनश्च सात बेटे', खंड चौथा, दुसरी आवृत्ती.
प्रकाशन: फोबॉस. मुद्रितशोधन: शीव टेकडी, मुंबई.)

पान ९, ओळ ३.
'सुमद्र' ऐवजी 'समुद्र' वाचावे.
तुमच्याकडे तो नाही,
जुळारी बिचारा कशावरून ताडून पाहणार?

पान ३१.
नकाशात माझगाव वरळीच्या पश्चिमेला गेले आहे.
नकाशा उलटा धरून भागणार नाही. नवा काढावा.

पान ५८, ओळ १४.
'आकाशशिडी तुर्भ्यास उभारली, कारण तेथे खडक होता.'
खडक होता, खरं आहे.
खडकावर कोण होतं
हे वाक्य मी सबंध खंडात शोधलं.
छपाईत गळलं असेल तर सापडेल तिथे घालावे.

पाने १०२ ते १०९.
भरतीची कोष्टके. चूक नाही.
हे आकडे माझ्या आजोबांनी
याच खिडकीतून, पायऱ्या मोजून लिहिले.
तेव्हा चौतीस पायऱ्या दिसत. आता अकरा.

पान १४६, ओळ २१.
'स्थलांतर शांततेत पार पडले.'
'शांततेत' या शब्दाखाली मी तीनदा रेघ मारली,
तीनदा तो न्हाऊनमाखून परत आला.

शेवटचं शटल सुटायच्या दिवशी
वरळी कोळीवाड्यात मथुरा नाखवा
जाळं घेऊन वजनकाट्यावर उभी राहिली.
सामान माणशी चाळीस किलो.
जाळं भरलं एकेचाळीस.
अधिकारी म्हणाला, कापा.
ती म्हणाली, "किलोभर दर्या हाय त्यान.
सुकला का येतंय."
आणि जाळं दोरीवर टाकून
खाली सावलीत बसली.

शटल गेलं.
पाणी उंबऱ्याला आलं, मग दोरीला आलं.
जाळं अजून सुकलेलं नाही.

परिशिष्ट 'क' मध्ये तिच्या नावापुढे 'अनुपस्थित' असे छापले आहे.
ती तिथेच होती.
अनुपस्थितांची यादी
परिशिष्ट 'अ' आणि 'ब' मध्ये सविस्तर आलेली आहे.

पान १४७. चूक नाही.

पान १४८, शेवटची ओळ.
'त्यानंतर मुंबईत कोणी उरले नाही.'

हे वाक्य मी मुंबईत बसून तपासते आहे.
खाली अकराव्या पायरीला होडी लागली आहे.
दिगू वैती ओरडतोय:
ओ वच्छाबाय, द्या ती प्रुफं, ओहोटी लागली!
वर कुणाचं तरी कालवण करपतंय,
बहुधा माझंच.

मजकुराला हात लावू नये, हे मला ठाऊक आहे.
बापाने टाइपाच्या घरांसमोर उभं करून शिकवलं:
काना, मात्रा, वेलांटी, फार तर विरामचिन्ह.
त्यापुढे ग्रंथकर्त्याचं घर. तिथे चपला काढूनही शिरायचं नाही.

तेव्हा शब्द एकही बदलत नाही.
'उरले'नंतर स्वल्पविराम द्यावा.
'नाही'नंतर पूर्णविराम काढून प्रश्नचिन्ह.

त्यानंतर मुंबईत कोणी उरले, नाही?

असे वाचावे.
मोठ्याने वाचल्यास उत्तम.

सूची, पान ४१२.
'बोंबील: पाहा, दंतकथा.'
सोबत एक नमुना पाठवत आहे.
नीट सुकवलेला आहे.
तुमच्या काट्याला भारी वाटणार नाही.