काट्यावर

तुर्भ्याला, कांदा-बटाटा मार्केटात
एकतीस वर्षं मापाडी होतो.
गोणी काट्यावर चढली की
शेतकरी माझ्या तोंडाकडं बघायचा, व्यापारीही.
पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही.
लाभ म्हणतो.
लाभ, मग दोन, मग तीन.
बाप जावळीत खळ्यावर पायलीनं भात मोजायचा,
त्याच्या तोंडात होतं ते माझ्या तोंडात आलं.

पौषात एका पहाटे
मोरीतून बाहेर येताना
डावं अंग उसवलेल्या गोणीसारखं सुटलं.
कांदे घरंगळतात ना,
तसे शब्द घरंगळत गेले जाळीकडं.
शालन सांगते, मी "काटा, काटा" म्हणत होतो.
असेन.

आता कोपरखैरण्यात
पिठाच्या चक्कीशेजारचा गाळा, आठवड्यातून तीनदा.
हर्षला मढवी, ऐरोलीची पोर,
माझ्या धाकटीपेक्षा लहान.
तिनं पहिल्याच दिवशी फरशीवर
दोन वजनकाटे मांडले,
उजव्या पायाला एक, डाव्याला एक.
म्हणाली, उभे राहा काका, खाली बघू नका.

मी बघितलं.
उजवीकडं एकोणपन्नास.
डावीकडं बारा.

म्हणालो, बाई, तुझा काटा चुकतोय.
ती हसली नाही. काटे अदलाबदल केले.
एकोणपन्नास.
बारा.
काटा खरा होता. माल खोटा.

मग रोज तेच.
हात न टेकता खुर्चीतून उठायचं.
स्पंजावर डोळे मिटून उभं राहायचं, म्हणजे
रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर उभं राहिल्यागत.
लादीच्या सांध्यावरून टाचेला बोट, बोटाला टाच.
डावीकडं या काका, डाव्या पायाला विचारा.
काय विचारू?
तो माझा आहे हे मला ऐकून माहीत.

तोल म्हणजे दोन पारडी सारखी
आणि मधला काटा गप्प,
असं मी आयुष्यभर समजत आलो.
हर्षला म्हणते, तसं नसतं काका,
उभा माणूस सारखा हलत असतो,
इकडं पडता पडता सावरतो,
तिकडं पडता पडता सावरतो,
त्यालाच उभं राहणं म्हणायचं.
हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

होळीच्या आदल्या दिवशी
उजवीकडं तेहतीस आलं, डावीकडं चोवीस.
मी छाती काढली.
तिनं वहीत लिहिलं, मग पेन थांबलं.
बेरीज सत्तावन्न होते काका.
चार किलो कुठं गेले?

माझा उजवा अंगठा टेबलाच्या कडेवर होता.
हलकाच. कुणाला दिसू नये असा.

अख्ख्या गाळ्यासमोर मी दिवाणजींना झाडलंय
याच अंगठ्यावरून.
शेतकऱ्याचे चार किलो कुठं गेले, शेठ?
प्रश्न माझा होता, झिजून गुळगुळीत झालेला.
त्या पोरीच्या तोंडून तो परत आला
आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं.
बाजारात अजून कुणीतरी मोजतंय.
अंगठा काढला.
बेचाळीस, एकोणीस.
लिही, म्हणालो.

घरी शालन मागं उभी असते.
कमरेला टॉवेल गुंडाळून दोन्ही टोकं धरते,
ओढत नाही, सोडतही नाही.
तिचे गुडघे वाजतात, ते ती सांगत नाही,
मला ऐकू येतात.

काल संध्याकाळी ओट्यापाशी
उजवा पाय उचलायचा होता.
सगळं ओझं डाव्यावर, दहा मोजेपर्यंत.
कुकरची दुसरी शिट्टी झाली.
पाय फरशीवरून सुटला,
डाव्या पोटरीत कुणीतरी जागं झालं,
शालन म्हणाली, "लाभ",
आणि मी ओट्यावर आदळलो.

दम खाऊन विचारलं, किती झाले?

टॉवेल घट्ट करत ती म्हणाली,
सांगितलं की आत्ता.