पातळी

लेउवार्डन, मार्च महिना. बाहेर सपाट, ओली कुरणं.
वॉबे हिल्केमा, वय एक्क्याण्णव,
शर्ट काढून घडी करतात, बाह्या आत दुमडून,
जणू तो कुणाला तरी परत करायचाय.

उजव्या फुप्फुसात, वरच्या टोकाला, चौदा मिलिमीटर.
जिन्यात पडले, बरगडीसाठी फोटो काढला,
त्यात ही सापडली,
दुसऱ्याच्या नावाचं पत्र आपल्या पेटीत यावं तशी.

सुरी झेपणार नाही, एवढं सगळ्यांना मान्य होतं.
पुढे कशावरच एकमत नाही.
मुलगा म्हणाला, या वयात कशाला छळायचं?
आधी गाठ वाढेल की आधी हृदय थांबेल,
डॉक्टर तेर्प्स्त्रांनी खरं ते सांगितलं: ठाऊक नाही.
मग म्हातारा बोलला,
"गेल्या आठवड्यात सायकलला नवे टायर घातले.
दुकानदाराने पाच वर्षांची हमी दिली.
वय नाही विचारलं."

पाच खेपा. आज तिसरी.
मी त्यांचे हात डोक्यामागे टेकवते,
छातीवरच्या निळ्या ठिपक्यांशी प्रकाशाची रेघ जुळवते.
माझी बोटं गार.
ते म्हणतात, बर्फ याहून गार असतो.

श्वासाबरोबर गाठ वर-खाली सरकते,
म्हणून यंत्र वाट बघतं:
श्वास ठरल्या जागी आला की किरण सुरू,
हलला की बंद.
हे समजावताना पहिल्या दिवशी मी अडखळले.
ते हसले.
चाळीस वर्षं कालव्याचे दरवाजे सांभाळलेला माणूस.
"दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आल्याशिवाय
दार उघडायचं नाही, पोरी.
घाई नावेला असते."

जाड भिंतीच्या अलीकडे मी एकटी,
पडद्यावर त्यांची हिरवी रेघ:
चढते, रेंगाळते, उतरते.
घटका भरत आली, असं मुलाला वाटतं.
वाटू दे. मला रेघ दिसते,
आणि रेघेखाली उघडझाप करणारं
एक छोटंसं दार.

संपल्यावर शर्टाची बटणं
त्यांनी स्वतःच लावली. चौथं चुकलं,
सगळी पुन्हा उघडून लावली.
मी मदत केली नाही; घड्याळाकडेही पाहिलं नाही.

दारात थांबून म्हणाले,
"गुरुवारी वारा समोरून आहे.
दहा मिनिटं उशीर होईल,
यंत्राला सांगून ठेव."