एक सूत बाहेर

टेबल बावीस वार लांब.
मी अलीकडं, शाहीन पलीकडं,
मधी जाळीची चौकट.
रबर मी ढकलते, ती ओढून घेते,
चौकट उचलायची, दोघींनी एक पाऊल सरकायचं,
खिळ्याला टेकवून परत ठेवायची.
खिळा चुकला की फूल चुकलं.

कोरा ताका मालेगावाहून येतो, रंग सुरतेहून.
वसमतचं त्यात काय? आमचे चार हात.
लेबलावर ते छापत नाहीत.

आधी पिवळा. तो वाळेस्तोवर चहा.
मग तांबडा, मग पानांचा हिरवा,
काळी रेघ सगळ्यात शेवटी.
तोवर चादरीवर नुसते डाग असतात,
रेघ बसली की लोक म्हणतात, गुलाब.

सासरे ठशांनी छापायचे.
सागवानी ठसे, तेल पिऊन काळे झालेले.
एकच उरलाय, कोयरीचा,
टेबलाच्या लंगड्या पायाखाली.
त्याच्या जिवावर टेबल हलत नाही.

त्या दिवशी तरी टेबल हललं नव्हतं.
वैशाख. पंखा बंद.
शाहीनची पोरगी घरी तापानं फणफणलेली,
तिचं लक्ष फोनकडं
आणि माझं तिच्याकडं.
काळी रेघ बसली एक सूत बाहेर,
सलग सहा चादरींवर.
गुलाब एकीकडं, त्याची कड दुसरीकडं,
झोपेत माणूस पांघरुणाबाहेर यावा तसा.

पतंगेशेठ काही बोलले नाहीत.
कोपऱ्यात खडूनं फुली मारली: सेकंड.
सहाही गेल्या आठवडी बाजारात,
ढिगातल्या भावानं.

दोन वर्षांनी पोरासाठी पोरगी बघायला
कुरुंद्याला गेलो.
पत्र्याचं घर. बाजेवर चादर,
घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या.
"वरी बसा ना," पोरीची आई म्हणाली,
"सोलापूरची हाय. पाव्हण्यांपुरतीच काढते."

बसले, तर तळव्याखाली
गुलाब, आणि एक सूत बाहेर त्याची कड.
पिवळा धुऊन धुऊन विटलेला.
तांबडा मात्र तसाच.
भट्टी चांगली बसली होती त्याला,
हे मनात आलं, आणि मग लाज वाटली,
कशाची ते कळलं नाही.
हात तिथंच ठेवला. झाकून.

पोरगी सुशीला घेऊन आली,
ताटली ठेवायला जागा नव्हती
म्हणून हात उचलावा लागला.
स्वयंपाकाचं विचारायचं राहिलं,
तोंडातून गेलं:
"ह्या फुलात काही चुकलंय, बाई?"

तिनं वाकून बघितलं. घाई केली नाही.
"चुकलं न्हाई," म्हणाली,
"सावली पडलीया त्याची."

सोलापूरची नाही, हे मी तिथं बोलले नाही.
बसमध्येही नाही.

सोमवारी शाहीनला सांगितलं, रबर ढकलता ढकलता.
ती ऐकत होती, ओढत होती.
टेबलाच्या टोकापाशी पोचल्यावर म्हणाली,
"पोरगी घेऊन टाक.
आणि रंग बघ, पातळ झालाय."