जमा पावती

निवडणूक लागली की आप्पा
बारा बोर सावद्याच्या ठाण्यात जमा करायचे.
निकालानंतर घरी आणली की
आधी चहा नाही, आधी नळी.

मोडून उजेडाकडे धरायचे :
"बघ वं पोरी, गंज दिसतो का?"
मला दिसायचे केळीबागेचे
दोन गोल तुकडे, हिरवे.

बार काढला तर त्याच रात्री.
नाही काढला तर दर अमावास्येला.
धोतराची चिंधी, शिलाई मशीनचं तेल.
डुकरं तर फटाक्यालाच पळायची.

अकरा वर्षांत एकही बार नाही.
अमावास्या एकही चुकली नाही.

आता हवालदार विचारतो, "तोताराम नेमाडांचे वारस कोण?"
मी पावती घेते, घडी घालते.
दारातून परत फिरते :
खोली दमट आहे तुमची.
परवा अमावास्या. तेवढं तेल लावा.