रकाना क्रमांक नऊ

अर्जात अठ्ठावीस रकाने. नववा असा:
आपल्या शहराबद्दल आपणांस काय वाटते?
पुढं पाच चौकोन, ‘अत्यंत समाधानी’पासून
‘अजिबात नाही’पर्यंत. एकाच ठिकाणी खूण करावी.

चौथीच्या वह्या पिशवीत तशाच,
शाळा सुटली की मी निघते पूर्णेच्या बोळांतून.
मार्चचं ऊन पत्र्यापत्र्यावरून उड्या मारत असतं.
कुत्री आता भुंकत नाहीत मला.

कुशावर्ताबाई सुपातली ज्वारी घोळवत म्हणाली,
वाटायचं काय त्यात?
वाटतं ते दुसऱ्याच्या गावाबद्दल.
तुला तुझ्या नाकाबद्दल काय वाटायलंय,
ते सांग बरं आधी.

पुढच्या दाराला कुलूप.
माणसं पुण्याला, सहा वर्षं झाली.
पण कुलूप काळंभोर, तेलानं ओलं.
शेजारीण म्हणाली, मीच घालते,
पोळ्याला आन् होळीला, थेंब थेंब.
गंजलं तर आल्यावर उघडायचं कसं?

स्टेशनसमोर मुंजाजी भज्यांचा घाणा काढता काढता
बोलत राहिला: लिव्हा, अजिबात नाही.
आठव्या दिवशी नळ, तोबी रात्री दोनला, चोरावानी.
नाली माझ्या भट्टीखालून वाहायलीय,
समोरचा खड्डा माझ्या आज्याच्या वेळचा.
गाड्या गेल्या, साहेब लोक गेले,
माशा तेवढ्या राह्यल्या. मोठ्या अक्षरात लिव्हा.
मी लिहीत होते.
तेवढ्यात बाकावरचा एक,
गाडी बदलायला उतरलेला, बॅग मांडीवर,
म्हणाला, खरंय, काय भंगार गाव आहे हो.

झारा कढईवर तसाच थांबला.
तेल ठिबकत राहिलं.
मुंजाजीनं त्याच्या हातातला अर्धा कप काढून घेतला.
पैसे राहू द्या, म्हणाला. उठा.
मग बराच वेळ फडक्यानं
तोच एक बाक पुसत राहिला.
मला म्हणाला, तुम्ही ते खोडू नका, बाई.
अजिबात नाही. तेच राहू द्या.

खाजामियाँनी मीटरगेजच्या काळापासून
सांधे बदलले इथं, एकतीस वर्षं.
मुलाकडं हैदराबादला चार महिने राहून आले.
तिथं कोणी विचारलं कुठले, तर पूर्णा कोणाला कळेना,
म्हणून सांगायचे, नांदेडच्या बाजूचा.
इत्ता झूट कभी नै बोला मैं, बाई, म्हणाले,
चष्मा काढून पुन्हा घातला,
आणि बोट ठेवलं अर्जाच्या डोक्यावर:
खाली पूर्णा नक्को. पूर्णा जंक्शन लिखो.
जागा नव्हती. मी समासात लिहिलं.

पोलीस भरतीची आम्रपाली विचारते,
पहाटे पाचला पळते ना, तेव्हा अत्यंत समाधानी.
पुलावर पाण्याचा गार वास असतो,
कोणी बघत नसतं.
साडेसातनंतर अजिबात नाही.
वेळ टाकता येईल का, मॅडम?

रात्री ताळा जुळवायला बसले तर
सगळ्यांत खाली माझाच अर्ज.
माहेर उदगीर. इथं येऊन बावीस वर्षं.
बदलीसाठी अकरा वेळा अर्ज केला, दर मे महिन्यात,
आणि यादी लागली की गर्दीत घुसून
आधी हेच पाहते,
माझं नाव नाही ना.
हे घरात कोणाला सांगितलेलं नाही.

साहेबांचा निरोप आलाय,
नववा रकाना रिकामा चालणार नाही.
पलीकडं मालगाडी रूळ बदलते,
फडताळातली भांडी किणकिणतात.
पेन हातात. मी उगीच
नाकाला हात लावून पाहते.