लेबल नसलेला डबा

ओदार्का ह्नातियुकच्या तळघरात उतरलो
तेव्हा मधाचा वास आला नाही.
आला डांबरगोळ्यांचा,
वर्षातून एकदाच उघडणाऱ्या ट्रंकेचा,
जिच्यात कुणाचा तरी कोट घडी घालून ठेवलाय.

भट्टीशेजारी तुळईपर्यंत रचलेल्या मधपेट्या,
दर पाच पेट्यांमागे एक वर्तमानपत्र,
त्यावर पांढरे खडे, अर्धे विरलेले.

मी फॉर्म काढला.
कॅनोरापासून इथवर चाळीस किलोमीटर खडीचा रस्ता,
पेनातली शाई गोठलेली.
काखेत धरून पेनाला ऊब देत
डब्यावरचं लेबल शोधत राहिलो.

लेबल नव्हतं.
आमच्या खात्यात लेबल म्हणजेच कायदा,
तिथे छापलं नाही ते करायचं नाही.
इथे नुसता गंजका पत्रा
आणि त्यावर तिच्या नवऱ्याचं अक्षर, पेन्सिलीतलं:
पाच पेट्यांना दोन चमचे. हात धुणे.

"हे लोकरीसाठी असतं, बाई. पोळ्यासाठी नाही.
मेण पिऊन घेतं सगळं.
उन्हाळ्यात माश्या त्याच मेणात मध भरणार,
आणि तो कुणीतरी पोराच्या पावाला लावणार."

"मेण पिऊन घेतं, हे तुम्ही मला सांगता?"
तिने एक चौकट उपसली.
जळमटासारखं जाळं, आरपार बोगदे,
खसखशीएवढी काळी विष्ठा,
लाकडातसुद्धा अळीच्या मापाचे खळगे.
"ह्यांना कुठला कायदा वाचून दाखवू?"

उणे पंधरा, मी म्हणालो. दोन तास.
अंडी, अळी, कोष, काही उरत नाही.
बाहेर त्या दिवशी उणे बावीस होतं.
दाराबाहेर फुकट पडलेली थंडी
आणि आत विकत आणलेलं विष.
"गोठा रिकामाच आहे ना तुमचा?"

"आहे. मेतोदी तिथे ठेवत नसे."

मग तिने भट्टीचं झाकण उगाच उघडलं, मिटलं.
एकसष्ट साली असाच एकजण आला होता, म्हणाली,
फॉर्म घेऊन. अळ्या सडायचा रोग होता.
गोठ्यातल्या चाळीस पेट्या खड्ड्यात घालून
रॉकेल ओतलं त्याने.
मेतोदी तेव्हा नऊ वर्षांचा.
त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच:
पेट्या घरात असत्या
तर त्या माणसाला दिसल्या नसत्या.

"तुमचा माणूस चुकला नव्हता," ती पुढे म्हणाली.
"रोग होताच."

फॉर्मवर कारणाचा रकाना बोटभर रुंद.
मी लिहिलं: साठवण अयोग्य.

वास न लागलेल्या सव्वीस पेट्या आम्ही दोघांनी
गोठ्यात नेल्या, आडव्यातिडव्या रचल्या,
मधून वारा जाईल अशा.
बाकीच्या माझ्या गाडीत.
त्यांचं काय होतं हे तिने विचारलं नाही.
डबा पुरावा म्हणून न्यायचा असतो.
खडे पिशवीत ओतून घेतले,
डबा फॉर्मवर लिहायचा राहिला.

फाटकाशी तिने काचेवर टकटक केली.
मला वाटलं, सही राहिली.

"हात धुतलेत का?"

धुतले होते. दोनदा.
तरी कॅनोराला पोचेपर्यंत
स्टिअरिंगला वास येत होता.